खिचडीच्या खोलीतली केमिस्ट्री

शिक्षकाची बदली झाली की सामान एका टेम्पोत मावतं, किस्से मात्र मावत नाहीत. माझ्याकडचे निम्मे किस्से वडवणीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेतले. तिथं प्रयोगशाळा नव्हती, म्हणून सातवीचं विज्ञान मी खिचडी शिजायची त्या खोलीत शिकवायचे.

*

पहिल्याच दिवशी हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात बुडवला. लाल झाला. लिंबू पिळलं, परत पिवळा. दुसऱ्या दिवशी एका मुलाची आई शाळेत हजर. पोरानं घरातली सगळी हळद संपवली होती. मी माफी मागायला लागले, तर म्हणाली, "हळदीचं काही न्हाई. मला बी करून दाखवा."

*

त्या साली पाऊस झालाच नाही. टँकरचं पाणी गढूळ यायचं. वर्गात मुलांनी तुरटी फिरवून गाळ खाली बसवला आणि घरोघर तेच सुरू झालं. वरून पाणी उकळायचंच, हेही त्यांनी आयांकडून घोकवून घेतलं. आठवड्यानं किराणावाल्या सलीमभाईंनी मला थांबवलं. "मॅडम, गावात न्हावी एकच हाय. मग तुरटी एवढी कावून खपायलीय?"

*

खिचडी शिजवणाऱ्या काशाबाईंवर बालंट आलं. डाळ कच्ची राहते, बाई कामचुकार आहे, दुसरी बघा, असं शाळा समितीत ठरत होतं. मुलींनी एकाच डाळीची दोन पातेली चढवली. एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात टँकरचं. टँकरच्या पाण्यातली मऊ झाली, बोअरची टणकच. बोअरच्या पाण्यात साबणही फेसाळेना. पाणीच जड, क्षारांचं आहे, हे अध्यक्षांनी डाळ चावून मान्य केलं.

काशाबाई राहिल्या. पुढं माझ्या तासाला त्या दारात उभ्या असायच्या. कुणाचं उत्तर चुकलं की माझ्याआधी त्याच बोलायच्या.

*

मनीषा वर्गात सगळ्यात हुशार. दिवाळीनंतर ती आईबापासोबत ऊसतोडीला साखर कारखान्यावर निघाली. मी घरी जाऊन बोलले, पण तिकडं तिच्या धाकट्या भावाला सांभाळायला कुणीच नव्हतं. जाताना तिनं हळदीच्या कागदांचा गठ्ठा मागून घेतला. मला वाटलं, पोरगी हातची गेली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ती परतली आणि माझ्या हातात एक वही ठेवली. पहिल्या पानावर अकरा नावं, पुढं रोजची हजेरी. कोप्यांवरची, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपड्यांमधली पोरं होती ती. कुणाचंच नाव शाळेत नव्हतं. रोज दुपारी चुलीपाशी बसवून तिनं त्यांना आपले सगळे प्रयोग शिकवले होते.

मी पानं उलटत राहिले. ती म्हणाली, "मॅडम, ह्यांची हजेरी आपल्या शाळेत धरता येईल का?"