नॉर्मल पाणी आणि आमची भागिरथा

भागिरथा माझी धाकटी जाऊ. जऊळक्याहून आत वळलं की आमचं गाव, आणि गावाच्या शेवटाला आमची बौद्धांची वस्ती. भागिरथा अंगणवाडीत मदतनीस आहे. साऱ्या गावच्या पोरांची खिचडी शिजवते, नाकं पुसते, ढुंगणंही धुते. त्याआधी विहिरींचा गाळ काढायला जायची. दोराला धरून खाली उतरायची, आणि वर आली की चिखलात नुसते दात पांढरे दिसायचे.

तिला एका इंग्रजी शब्दाचा फार राग. नॉर्मल.

मी दुसरीपर्यंत शिकलेली, पण हा शब्द मलाही पाठ झालाय. सून दिवसभर गुरासारखी ओरडली, तेव्हा कुठं बाळ झालं. दाक्तरीण म्हणाली, नॉर्मल झाली. मंगरूळपीरला लुगडं घ्यायला गेले, तर दुकानातल्या पोरानं माझ्या चपलेकडे पाहून विचारलं, "आजी, नॉर्मल दाखवू का भारी?" स्टँडवर पाणी मागितलं की विचारतात, थंड का नॉर्मल. नातीला स्थळ आलं, मी विचारलं पोरगा पितो का. मध्यस्थ म्हणाला, "नॉर्मल." म्हणजे पितो. आपल्याकडे याला साधं, नेहमीचं, सरळ, बरं, चालतंय असे वेगवेगळे शब्द होते. खोटं बोलायचं तर माणसाला त्यातला एक निवडावा तरी लागायचा. आता तेवढेही कष्ट उरले नाहीत.

यंदा नळाचं पाणी वास मारायला लागलं. मेलेल्या घुशीवर कोणी खोबरेल ओतावं, तसा वास. हंड्यात तेलकट तवंग यायचा. त्या पाण्यानं पीठ मळलं की भाकरीचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा, खाली उतरायचा नाही. अंगणवाडीतली पोरं ओकायला लागली. भागिरथाची नात रूपा वाशीमला सलाईनवर गेली, एवढीशी पोर, हात कसा काडीसारखा झाला होता.

पाणी सोडायचं काम उकंडरावाकडे आहे. भागिरथा त्याच्या दारात गेली.

"उकंडराव, टाकीत पाह्यलं का?"

"काय पाहाचं त्यात? औषध टाकलं ना. थोडा वास येतेच. नॉर्मल आहे."

"मंग हा गिलास भरून आणला. पे माह्यासमोर."

उकंडराव म्हणाला, आज माझा उपास आहे. पाण्याचाही.

सरपंच बाई आहे, पण कारभार तिच्या नवऱ्याचा, विकासचा. शिकलेला, बोलायला गोड. तो म्हणाला, "काकू, आपण रिपोर्ट आणला ना. पाणी नॉर्मल आहे. अन् खिचडी बंद ठेवली तं तुमच्यावरच येईन ते."

"येऊ दे. त्या पाण्यात मी लेकरायची खिचडी टाकत नाही."

घरी मी तिला म्हटलं, "भागे, कामावरून काढलं तं खाशीन काय?"

"वान्त्या करून पोट्टे मेले तं कोनासाठी शिजवू?" एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका हंडे घेऊन टाकीखाली उभ्या होत्या. भागिरथानं काष्टा घट्ट मारला, पदर नाकावर बांधला आणि टाकीची लोखंडी शिडी चढायला लागली. शिडी गदागदा हलत होती. मी ओरडले, "उतर वं! हाडं गोळा करा लागतीन आमाले."

"मंग खाली नका उभ्या राहू, बाई," वरून आवाज आला.

वर पोचली. झाकण सरकवलं आणि तोंड फिरवून खोकलीच. मग पालथी पडून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि शेपटीला धरून एक वानर ओढून काढलं. फुगून मडकं झालेलं, केसांचे पुंजके गळत होते. तिनं ते खाली टाकलं. तेवढ्यात विकास उकंडरावाला मागं बसवून मोटरसायकलवर आला होता, त्याच्या चाकापुढेच पडलं आणि फुटलं. पुढचं सांगत नाही. आम्ही ते पीत होतो. बायका हंडे टाकून जागच्या जागी ओकल्या, मीसुद्धा.

मला वाटलं, आता विकास मान खाली घालेल. त्यानं मान वर केली. "काकू, पाण्यात हात कायले घातला? आमाले सांगायचं होतं." आणि हळूच उकंडरावाला म्हणाला, "पुरी टाकी खाली कर. आतून घासून घे."

"वान्नेर पडलं होतं म्हनून ना?" मी विचारलं.

तो चाक पुसायला वाकला. बोलली सोजरबाई, आमच्या वस्तीतली नाही, गावातली, माझ्याच वयाची बुढी. "वान्नेर तं मारोतीचं असते वं बाई. त्याचा काय इटाळ?"

दुपारी वानराला गुलाल लावला, नव्या कापडात गुंडाळलं, डफडं वाजवत नेऊन पुरलं. अंधार पडेपर्यंत टाकी दोन वेळा घासली. बांधल्यापासून तिला कधी झाडू लागलेला मी पाहिला नव्हता. कुजलेलं वानर चाललं. यांच्याच पोरांची ढुंगणं धुणारा हात चालला नाही.

भागिरथाचा मुलगा अश्वजित दवाखान्यात रूपाजवळ होता. फोनवर पेटलाच. "आई, तुझा हात लागला म्हणून टाकी घासली, त्याची तक्रार द्यायची. सोडायचं नाही."

"देऊ. आधी पोरगी घरी येऊ दे."

पोरगी आली. मायलेकांनी ठाण्यात जाऊन तक्रार दिली. विकास आता गोड बोलत नाही, आम्हाला पाहून गाडीचा हॉर्न तेवढा वाजवतो. पण नळाला पाणी स्वच्छ येतंय. भागिरथानं आधी वास घेतला, मग स्वतः पिऊन पाहिलं, आणि मगच चुलीवर खिचडी ठेवली. पोरं पोटभर जेवली. सोजरबाईचा नातू दोनदा मागून जेवला.

भांडी घासता घासता भागिरथा मला म्हणाली, "बाई, दरसाल एक खेप वर चढून हात घालून येत जाईन. टाकी तरी धुतल्या जाईन."

आणि खोखो हसली. मला ते फुगलेलं वानर आठवलं. मी उठले आणि मोरीत जाऊन चूळ भरून आले.