दादाला सापडलेली खडखड

आधीच सांगतो — भूत-खेत, लिंबू-मिरची हे शब्द आमच्या घरात काढायचीही सोय नव्हती. आम्ही बौद्ध, त्यात थोरला भाऊ विज्ञानाचा मास्तर! लहानपणी मी अंधाराला घाबरलो की दादा जवळ घ्यायचा नाही, हातात टॉर्च द्यायचा आणि "जा, बघून ये" म्हणायचा. त्यामुळे हे लिहितानाही हात कचरतोय...

मी हसनाबादचा. पन्नाशी उलटलेली, पोट सुटलेलं, आणि माझ्याइतकीच कुरकुरणारी एक जुनी फोर-व्हील जीप पदरी. दादा रिटायर झाला आणि त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा जालन्याला डायलिसिस. काही महिन्यांतच तो विटला. "बस झालं, न्हाई यायचं मला," म्हणून भिंतीकडे तोंड करून पडायचा. गेला नाही तर काय होईल, ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

त्याच सुमारास जीप खडखडायला लागली. मागून कुठूनतरी, डब्यात खडे हलवावेत तशी. मिस्त्रीनं बुश बदलले, स्प्रिंगच्या पाट्यांचे नट आवळले, स्टेपनी काढून ठेवली. आवाज तसाच.

"बाळ्या, आवाज हाय म्हंजी कारण हाय!" दादा अंथरुणात उठून बसला. "मी बसतो मागं. एकेका जागी हात दाबून धरायचा. जिथं धरल्यावर आवाज बंद, तिथंच रोग."

मग काय! दर फेरीला दादा मागच्या आडव्या सीटवर. दार, काच, जॅक, पत्रा — सगळं दाबून पाहायचा. सापडायचं काहीच नाही, पण पुढच्या फेरीला आमच्याआधी तयार. शोभा, माझी बायको, मला हळूच म्हणायची, "नीट करू नका बिलकुल. वाजून राह्यलं तर वाजू द्या."

त्या सकाळी दादा स्वतः चढून बसला. "चल, हाण," म्हणाला. शोभा माझ्या शेजारी. वाटभर गाडी वाजत होती, दादा गप्प... मला वाटलं, शोध चाललाय. जालन्यात शिरलो, मस्तगडच्या अलीकडे मागून खणखणीत आवाज आला — "सापडलं रे बाळ्या!"

आणि खडखड बंद. एकदम.

"झालं का समाधान, भाऊजी?" शोभा हसली.

"मंग मिस्त्रीचं दुकान तूच टाक आता!" मी म्हणालो.

दवाखान्यापाशी मागचं दार उघडलं. दादा बसलेला, डोकं पत्र्याला टेकलेलं, उजवा तळवा स्वतःच्याच छातीवर दाबून धरलेला. तो हात आम्हाला सोडवता येईना.

डॉक्टर म्हणाले, "अंग गार पडलंय. निघालात तेव्हाच गेले असतील."

"साहेब, आत्ता बोलला तो!"

त्यांनी नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी शोभाकडे पाहिलं. ती मान हलवत होती — हो, मीही ऐकलं.

लोक म्हणतात, भास. असेल. दादानंही हेच सांगितलं असतं. पण दोघांना एकच भास, एकाच वेळी?

आणि गाडीचं काय? त्या दिवसापासून ती वाजलेली नाही. मागच्या महिन्यात मी स्वतः पाना घेऊन सीटचे नट ढिले केले, जॅक मागे सुटा टाकला आणि दगडाधोंड्यांच्या पांदीनं तिला मुद्दाम आपटत नेली. शोभा शेजारी कान देऊन बसली होती.

काहीच वाजलं नाही.