खोक्यावरचे पंधरा आकडे

ती घटना मला आठवावी लागत नाही. ती सोबतच असते. नोकरीची दोन वर्षं शिल्लक असताना मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हा लोकांना गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघे ठीक आहेत.

तेव्हा मी अमरावतीच्या एका ठाण्यात गुन्हे शोध पथकाचा प्रमुख होतो. सकाळी फिरायला निघालेल्या एका निवृत्त शिक्षिकेची पर्स मोटारसायकलवरच्या दोघांनी हिसकावली. बाई रस्त्यावर आपटल्या, खुब्याचं हाड मोडलं. पर्समध्ये मोबाईल होता. त्यांच्या मुलानं फोनचा खोका आणून दिला. त्यावर पंधरा आकड्यांचा आयएमईआय नंबर असतो, प्रत्येक फोनचा वेगळा. तो आम्ही तांत्रिक शाखेला कळवला, दुरुस्तीच्या दुकानांनाही वाटला. पण फोन कुठंच सुरू होईना. दर सोमवारच्या गुन्हे आढावा बैठकीत वरिष्ठ मला सगळ्यांदेखत विचारायचे, "बाईंचं काय झालं?" मी खाली पाहायचो.

एका गुरुवारी वरूडच्या दुरुस्तीवाल्याचा फोन आला. "साहेब, एक मोबाईल आलता चार्जिंगची पिन बसवाले. ब्याटरी काढली तं आतल्या पट्टीवर तुमचाच नंबर! माणूस संत्र्याच्या पॅकिंगवर काम करते."

आम्ही शेडवर पोचलो तेव्हा पंचेचाळिशीचा तो माणूस संत्री निवडत बसला होता. फोन काढून घेतला, बॅटरी काढली, पट्टीवरचे आकडे जुळले.

"कुठून आणला?"

"माह्याच हाय साहेब. पडून बॉडी फुटली, तं अकोल्यात बदलवली. सासुरवाडीले गेलतो."

"दुकानाचं नाव?"

"नाव कोन वाचते? बसस्टँडच्या मागं जिन्याखाली बसते तो."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. सगळी शेड बघत होती.

पंचनामा लिहिताना माझ्या हवालदारानं बॅटरी बसवून फोन सुरू केला आणि स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं. असं केलं की फोन स्वतःच आपला नंबर पडद्यावर दाखवतो. पट्टी बॉडीला, म्हणजे बाहेरच्या कव्हरला, चिकटलेली असते. पडद्यावरचा नंबर आतल्या यंत्राचा.

"साहेब, हा तं वेगळा येऊन राहिला. कोनता लिहू?"

"पट्टीवरचा लिही."

"अन् पडद्यावरचा?"

"चोरांनी बदलला असेल. हल्ली बदलतात."

हवालदार लिहिता लिहिता पुटपुटला, "पडद्यावरचा बदलवते अन् पट्टी तशीच ठेवते. मोठाच दयाळू चोर दिसते."

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

शुक्रवारी कोर्टानं मंगळवारपर्यंत पोलीस कोठडी दिली. चौकशीत मुलीच्या साखरपुड्याचं एकच पालुपद, "रविवारी माह्या पोरीचं साक्षगंध हाय. तेवढं करू द्या साहेब. मंग येतो न मी वापस." सराईत माणूस दर वेळी गोष्ट थोडी बदलतो. हा अकोल्याच्या दुकानाची गोष्ट जराही बदलत नव्हता. एवढी वर्षं नोकरी केलेल्याला याचा अर्थ कळतो. मलाही कळत होता.

शनिवारी दुपारी ती मुलगी स्वतः ठाण्यात आली. वरूडहून एसटीनं एकटी. हातात जुना खोका.

"बाबाच्या फोनचा हाय साहेब. बिलबी आत हाय. नंबर जुळवून पाहा."

"ठेव तिथं."

"आताच पाहून घ्या न. उद्या पावने येऊन राहिले."

"पाहतो म्हटलं ना. जा."

ती दारापर्यंत गेली आणि वळली. "काहून पाहत नाही तुमी? पंधराच तं आकडे हायेत."

ती गेल्यावर मी दार लावलं आणि मुद्देमालातून फोन मागवून घेतला. पडद्यावरचा नंबर आणि खोक्यावरचा नंबर. आकड्याआकड्यावर बोट ठेवून जुळवले. सगळे जुळले. यंत्र त्याचंच होतं.

त्याच वेळी वरिष्ठांना कळवून, कोर्टात अहवाल देऊन त्याच्या सुटकेची खटपट सुरू करता आली असती. सुट्टी असली तरी करता आली असती. पण सोमवारी बैठक होती, आणि या वेळी मला मान वर करून बसायचं होतं. मी खोका टेबलाच्या खणात टाकला. दोन दिवसांनी काय बिघडतं, असं स्वतःला सांगितलं.

रविवारी सुट्टी असूनही घरी बसवेना. ठाण्यात गेलो. कोठडीतून तो पहाऱ्यावरच्या शिपायाला घडीघडी विचारत होता, "किती वाजले भाऊ?" अकराला विचारलं, बाराला विचारलं. दीडनंतर विचारणं बंद झालं. त्यानंतर मला तिथं थांबवेना.

सोमवारी बैठकीत पाठीवर थाप मिळाली. तिथून बाहेर पडल्याबरोबर मी पथक अकोल्याला पाठवलं. जिन्याखालचा दुकानदार तासाभरात सापडला. काच फुटलेला एक फोन त्यानं विकत घेतला होता. त्याचं कव्हर याच्या फोनला बसवलं, आतला बोर्ड डब्यात ठेवला. तोच बाईंचा. विकणाऱ्याला तो ओळखत होता. बुधवारपर्यंत दोन्ही आरोपी आत. मला प्रशस्तिपत्र मिळालं. अहवालात मी लिहिलं, 'सखोल तपासाअंती निष्पन्न झाले.' शनिवारच्या दुपारबद्दल त्यात एक ओळ नाही.

मंगळवारीच सुटलेला तो माणूस काही दिवसांनी कोर्टाचा हुकूम घेऊन फोन न्यायला आला. सही केली. मी खणातून खोका काढून पुढं ठेवला. त्यानं तो उचलून पाहिला.

"पोरीनं शनिवारी आनून देला व्हता न हा?"

"हो."

"मंग तुमी तवाच पाह्यला असन."

"नाही," मी म्हणालो. "गडबडीत राहून गेलं."

साक्षगंध मोडलं होतं. बाप कोठडीत आहे असं कळल्यावर पाहुणे पाणीही न पिता उठले, हे मला हवालदारानं आधीच सांगितलं होतं. त्यानं फोन खिशात घातला, खोका मात्र माझ्याकडं सरकवला. "हा राहू द्या तुमच्यापाशीच. घरात ठेवला तं पोरगी पाहते."

फोनचा नंबर शोधायचा कसा, हे ओळखीचे लोक मला अजून विचारतात. खोका, बिल, पट्टी, पडदा, मी सगळं सांगतो. शोधणं अवघड नाही. सापडलेला नंबर आपल्या सोयीचा नसला म्हणजे माणसाची परीक्षा असते, आणि त्या शनिवारी मी नापास झालो.

वरूडच्या एसटीत मी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा अर्ध्या वाटेत मोर्शीला उतरून परत आलो. आता हे लिहून झालंय. खोका पिशवीत ठेवलाय. त्या बापलेकीला समोर बसवून एवढंच सांगायचंय की मी तो शनिवारीच पाहिला होता.