गिरणीतलं एकच स्टूल

पिठाच्या गिरणीत नंबर आमचे डबे लावतात. डबा रांगेत ठेवला की झालं. तरी काल एका कंपनीचा साहेब तिथे गिऱ्हाइकांची गरज शोधायला आला. गिरणीतल्या एकुलत्या स्टुलावर बसून त्याने शेजारी उभ्या असलेल्या मावशींना विचारलं, "मोबाइलवरून नंबर लावायला आवडेल ना?"

"आवडेल की."

समोरच्याचं मन मोडायचं नाही, एवढाच त्या होकाराचा अर्थ. त्याने लगेच टॅबवर बरोबरची खूण केली. माझं डोकंच फिरलं. गरज काय तोंडाने बोलते? ती गुडघ्यात ठणकत असते. पण त्यासाठी मान वर करून बघावं लागतं.

"अजून काही अडचण?"

"काही नाही बाबा," मावशी भिंतीला टेकत म्हणाल्या.

'अडचण नाही,' त्याने बसल्या बसल्या लिहिलं.