पहाऱ्यावरच्या जवानाचे डोळे

फोर्टातल्या एका जुन्या दगडी इमारतीत युद्धात पडलेल्या सैनिकांचं छोटं संग्रहालय आहे. तिथे त्यांचे फोटो आहेत, आणि घरच्यांनी दिलेल्या वस्तू: बूट, मफलर, जेवणाचा डबा. ज्या तारखेला जो गेला, त्या सकाळी त्याच्या फोटोपुढे एक फूल ठेवतात आणि त्याचं नाव मोठ्याने घेतात. ऐकायला कोणी असो वा नसो. माझ्या मित्राचं नावही तिथे दरवर्षी घेतलं जातं. त्याची आई, आमच्या चाळीतली मालवणी काकी, त्या दिवशी परळहून बसने जाते. मी तिच्यासोबत कधी गेलो नाही. गणपतीचा कारखाना आहे, कामातून सुटता येत नाही, असं सांगत आलो.

खरं सांगायचं तर सुटता आलं असतं. आम्ही दोघं भरतीला बरोबर गेलो होतो. माझी छाती कमी भरली, तो निवडला गेला. परत येताना मी तोंड पाडून बसलो होतो, पण आतून हायसं वाटत होतं. पुढे तो सीमेवर गेला तो परत आलाच नाही, आणि ते हायसं वाटणं माझ्या मानगुटीवर बसलं. फोटोत तो आहे तेवढाच आहे. माझे केस पिकले.

गेल्या वर्षी संग्रहालयाचे साहेब आमच्या लालबागच्या कारखान्यात आले. लष्करातून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. नव्या दालनात वाळूच्या गोण्यांचा आडोसा रचायचा होता आणि त्यामागे पहाऱ्यावर बसलेला एक जवान हवा होता, फायबरचा, माणसाच्या मापाचा. त्यांची अट एकच होती. "चेहरा कोणाचाच नको. इथे आईबाप येतात. प्रत्येकाला त्यात आपला दिसला पाहिजे."

मी हो म्हटलं. देवाचे चेहरे माझ्या हाताला पाठ आहेत, पण कोणाचाच नसलेला माणूस कसा करायचा हे मला माहीत नव्हतं. मातीत दोनतीन तोंडं केली आणि मोडली. चौथं मोडवेना. गालाची हाडं, किंचित पुढे आलेला ओठ, डाव्या भुवईवरची खाच. लहानपणी चाळीच्या पटांगणात माझी विटी लागून मित्राला ती खाच पडली होती. मी ती पाहत होतो आणि बोटं पुढे चालली होती. नकळत झालं असं मी म्हणणार नाही.

त्या मातीवरून फायबरचा जवान ओतला, रंगवला. डोळ्यांची आखणी आमच्याकडे सगळ्यात शेवटी. ती करताना कोणी बोलत नाही. गणपतीचे डोळे असे आखतात की कुठूनही बघा, तो आपल्याकडेच बघतोय असं वाटलं पाहिजे. खरं म्हणजे या जवानाची नजर दूर लागायला हवी होती. मी मात्र त्याला आमचे, मूर्तीचे डोळे दिले. ब्रश खाली ठेवला तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. मी बाजूला सरकलो, तरी बघत होता. नंतरचे काही दिवस त्याच्यावर चादर टाकून मी काम केलं.

जवान दालनात बसला. साहेबांना चेहरा आवडला; इतक्या फोटोंमधला तो कोणाचा, हे त्यांना ओळखू आलं नाही. दालन खुलं होण्याआधी सगळ्या घरच्यांना बोलावणार, असं त्यांनी सांगितलं. काकी सगळ्यांसमोर अचानक त्याच्यापुढे उभी राहिली असती. मी साहेबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्या आईंना आणा, त्या म्हणतील तसं करू, एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी मी काकीकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. काकी, तुला न विचारता मी त्याचं तोंड घेतलंय, असं काहीतरी मी बोललो. ती निवडत राहिली. ताटातले तांदूळ संपल्यावर म्हणाली, "उद्या दाखव."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, संग्रहालय बंद होतं; साहेबांनी आमच्यासाठी उघडलं. काकी आधी फोटोकडे गेली, मग नव्या दालनात आली. गोण्यांपाशी थांबली. पुढे होऊन तिने भुवईवर बोट ठेवलं.

"ही तुझीच विटी मां?"

मी मान हलवली.

ती बराच वेळ बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "इतको ल्हान होतो रे तो?"

मनात ती त्याला वर्षावर्षाने वाढवत आली असणार. हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

ती एका बाजूला गेली, मग दुसऱ्या. माझ्या लक्षात आलं, ती त्याची नजर चुकवून बघत होती. "ह्यो निजतलो कधी?" तिने विचारलं. "सगळी जातली, दिवे बंद होतले. ह्यो असोच जागो? डोळे मिट तेचे."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "आई, पहाऱ्यावरच्या जवानाला डोळे मिटता येत नाहीत."

काकीला ते पटलं असावं. तिने पदर सारखा केला. "मगे माझो नको," ती म्हणाली. "आणि दुसऱ्या कोणाचो पण करू नको."

नंतर येऊन करतो, असं मी म्हटलं. तिने नकार दिला. आत्ता कर, मी हयसरच असय, म्हणाली. साहेबांनी शिपायाला पाठवून पॉलिश पेपर आणवला. डोळे काढून टाकायचे कसे हे मला कोणी शिकवलेलं नाही. आमच्याकडे ते समुद्र करतो, आणि आम्ही तोपर्यंत घरी आलेलो असतो. मी डोळ्यांपासूनच सुरुवात केली. मग ओठ घासला, मग गाल. खाच बुजवायला पुट्टी लागणार होती, म्हणून खाच तशीच राहिली. काकी शेजारी उभी होती आणि पेपरचा आवाज चालू होता.

चेहरा गुळगुळीत झाला तेव्हा त्यावर कातडीच्या रंगाची धूळ बसली होती. मी फडकं शोधायला लागलो. काकी पुढे आली, पदराच्या टोकाने तिने ती धूळ हळूहळू पुसून घेतली, त्या टोकाची गाठ मारली आणि गाठ कमरेला खोचली.

टॅक्सीत परळपर्यंत तिचा हात त्या गाठीवर होता. फायबरची धूळ अंगाला खाजते, हे मी तिला सांगितलं नाही.