डाव्या कानाचे सर

आमचे मराठीचे सर बहिरे नव्हते. पण अख्खी शाळा त्यांना बहिरं समजायची आणि त्यांनी ती समजूत बारा वर्षं जपली. नववी 'क'मधल्या कुठल्याही पोराला वाचायला सांगितलं, की ते खुर्ची वळवायचे, डावा कान पुढं करायचे आणि म्हणायचे, "मला लांबनं ऐकू येत न्हाई बाबा. हितं ये आणि कानात वाच." पोरं माघारी त्यांना 'डावा कान' म्हणायची. तेही त्यांना स्पष्ट ऐकू यायचं.

मला हे कळलं ते माझ्याच आगाऊपणामुळं. त्याच शाळेत शिकवायला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. स्टाफरूममध्ये शेजारच्या शिक्षकाच्या कानाला लागून मी मुख्याध्यापकांच्या रंगवलेल्या केसांवर काहीतरी पुटपुटलो, तर पार खिडकीपाशी वह्या तपासत बसलेले सर फिस्सकन हसले. नंतर व्हरांड्यात माझा दंड धरून म्हणाले, "कुणाला बोलू नकासा. माझं दुकान बंद हुईल."

दुकान कसलं, ते मला कळायला वेळ लागला. मी गणिताचा, त्यात डोकं तापट. शाब्दिक उदाहरणं मी एकेकाला उभं करून मोठ्यानं वाचायला लावायचो, आणि दंगा झाला की सरळ बाहेर काढायचो. माझ्या तासाला वर्गात पोरी आणि व्हरांड्यात पोरं, अशी वाटणीच झालेली असायची. एकदा सरांनी मला एक काम सांगितलं. कोण दंगा करतंय ते सोडा, कधी करतंय ते आठ दिवस लिहून काढा. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं वाटलं, पण लिहिलं. वाचायची पाळी दोन बाकं अलीकडं आली, की ज्याचा नंबर लागणार ते पोरगं पुढच्याच्या पाठीत पेन खुपसायचं. दर वेळी. त्यांना बाहेरच जायचं होतं, आणि मी इमानेइतबारे त्यांना पोचवत होतो. मला माझीच लाज वाटली.

"पोरगं मार खाईल, पण चारचौघांत अडखळणार न्हाई," सर म्हणाले. "पोरी अडखळत्यात, रडत्यात, परत वाचत्यात. ह्यांना मिशा फुटाय लागल्यात. ह्यांनी रडायचं कुठं?"

म्हणून तो कान. त्यांच्याजवळ काय वाचलं, किती चुकलं, हे बाकीच्यांना कधीच कळायचं नाही. वाचायलाही ते काहीही द्यायचे. फुटबॉलच्या सामन्याची बातमी, मोटरसायकलबरोबर येणारं पुस्तक. ओंकारला तर त्यांनी म्हशीच्या औषधाचा पुडाच वाचायला लावला होता आणि किती द्यायचं, कसं द्यायचं हे मला समजावून सांग म्हणून त्याच्या मागं लागले होते. ओंकार कसबा बावड्याचा. घरी आठ म्हशी. पहाटे चारला उठून धारा काढायचा, दूध घालायचा आणि माझ्या तासाला बाकावर डोकं टाकून घोरायचा. नववीत आला तेव्हा त्याला जोडाक्षर वाचता येत नव्हतं. दिवाळीनंतर सर सांगायला लागले, येतंय आता त्याला. मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, कानात वाचलेलं ऐकलंय कुणी?

मार्चमध्ये मुख्याध्यापकांनी सहा नावांची यादी काढली. शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागायचा, फाटकावर तसा फलकच होता, आणि तो राखायचा तर ही सहा पोरं दहावीत नकोत. त्यांच्या पालकांना समजवायचं, दाखला काढायला लावायचा, सतरा नंबरचा फॉर्म भरून परीक्षेला बाहेरून बसा म्हणायचं. गावोगाव चालतं हे. सहाही पोरं 'क'ची होती, आणि ओंकारचं नाव पहिलं.

सर वेड्यासारखे फिरले. मुख्याध्यापकांना भेटले, संस्थेच्या लोकांच्या घरी दोन-दोनदा गेले, एका ठिकाणी तर त्यांना चपला काढायच्या आधीच परत पाठवलं. शेवटी माझ्याकडं आले, कारण पालकांकडं जायचं ते वर्गशिक्षकानं, आणि 'क'चा वर्गशिक्षक मी. "तुम्ही जाऊ नकासा त्यांच्या घरी," एवढंच म्हणाले, आणि त्या माणसानं माझ्यापुढं हात जोडले. माझी तीन वर्षं मेमध्ये भरत होती. कायम होण्याचा कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर होता. मी बघतो म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी बावड्याला गेलो.

ओंकारच्या वडिलांनी बाज टाकली, चहा आला. बाहेरून बसलेलं सोपं जातं, धंदाही बघता येतो, असं मी गोड बोलत राहिलो. शाळेनं छापलेला अर्ज पुढं केला. त्यांचा चष्मा सापडेना. "ओंक्या, वाच रं काय लिवलंय ते," म्हणाले. मला बरं वाटलं. ह्याला कुठलं वाचता येतंय, असा माझा हिशेब होता.

ओंकारनं कागद घेतला आणि आई-बापापुढं, अंगणात उभा राहून मोठ्यानं वाचला. "माझ्या पाल्यास अभ्यासाची आवड नसल्याने मी स्वखुशीने त्याच्या नावाचा शाळा सोडल्याचा दाखला काढून घेत आहे." सावकाश, पण एका अक्षराला थांबला नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "सर, हे पप्पांनी न्हाई लिवलेलं."

नमुना तसाच असतो, असं मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? वडील म्हणाले, तुम्ही सर असून घरी येऊन सांगायला लागलाय म्हणजे भल्याचंच असणार की. आणि त्यांनी सही केली.

शाळेत परत आलो तर सर फाटकातच उभे होते. मी त्यांना टाळू शकलो नाही. काय झालं ते सगळं सांगितलं.

"अडखळला का कुठं?"

"नाही."

"मोठ्यानं वाचला? सगळ्यांच्या म्होरं?"

"होय."

त्यांचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं आता मिठीच मारतात. डोळ्यांत पाणी आलं होतं. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या कागदावर गेली.

"मग सही कशाला घेतलासा ओ?"

त्या मेमध्ये सर निवृत्त झाले आणि मी कायम झालो. सतरा नंबरचा फॉर्म भरायला ओंकार आला नाही. त्याला बोलवायला मीही गेलो नाही.