पडद्यावर जुळवलेलं पत्र

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढचं शिक्षण खिळ्यांनी केलं. दिल्लीत एका छापखान्यात मी मराठीचा कंपोझिटर होतो. खणाखणांच्या केसमधून शिशाचा एकेक खिळा उचलायचा, ओळ उलटी जुळवायची आणि उलटीच वाचायची. सुलटं लिहायला मात्र माझा हात कधी वळला नाही. माझं हस्ताक्षर आजही दुसरीतल्या पोरासारखं आहे, म्हणून मी हातानं कधी कुणाला पत्र लिहिलं नाही.

देशाची दारं उघडली म्हणतात, त्या वर्षांत छापखान्यात कॉम्प्युटर आले. खिळे भंगारात गेले. मी हटून बसलो, कीबोर्ड शिकलो, दोन-तीन वर्षं तग धरला. मग छापखानाच बंद झाला. निघताना मालकानं मराठी अक्षरांची एक सीडी हातावर ठेवली. पुढे आम्ही आर. के. पुरमची खोली सोडून नोएडाला, मुलीनं घेतलेल्या फ्लॅटमध्ये आलो. खिडकीसमोर अजून गहू होता आणि गव्हात क्रेन उभ्या होत्या.

तिथं बायकोला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. तिचं बोलणं आम्हाला कळायचं, परक्याला नाही. डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, दुसरा झटका आला तर काही खरं नाही. मी दारातच उभा होतो, मला वेगळं सांगायची गरज पडली नाही.

तिला एकच हवं होतं. तिचा थोरला भाऊ साताऱ्याला होता आणि बारा वर्षं आमच्याशी बोलत नव्हता. कारण मीच. तिची आई शेवटच्या आजारात असताना मुलीची बोर्डाची परीक्षा आहे म्हणून मी बायकोला पाठवलं नव्हतं. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून आमचा आवाज ऐकला की तो फोन ठेवून द्यायचा.

"अहो, दादाला चार ओळी लिहा," ती म्हणाली. "एकदा येऊन जा म्हणावं."

मुलीनं मेलची वाट काढली. भावाची मुलगी पुण्यात नोकरी करायची आणि आमच्या मुलीशी तिचं बोलणं होतं, पण आमचं नाव काढलं की तो तिचंही ऐकून घ्यायचा नाही. पत्र तिला मेलनं पाठवायचं आणि शनिवारी साताऱ्याला जाताना तिनं ते कागदावर छापून न्यायचं, असं दोघींचं ठरलं.

आमच्या कॉम्प्युटरवर मुलीनं ती खुली सिस्टीम घातली होती, कुणाच्या मालकीची नसलेली, जगभरच्या लोकांनी मिळून केलेली. चोरीची कॉपी घरात नको, हा तिचा हट्ट. हट्ट चांगला होता, पण तेव्हा त्या सिस्टीमवर मराठी अक्षर फार वाईट दिसायचं. शिरोरेघ मध्येच तुटलेली, वेलांटी अक्षरावर चढलेली, कडा धुरकट. बायकोनं सांगितलेल्या चार ओळी मी टाइप केल्या आणि माझ्याच्यानं त्या बघवेनात.

मी भिंग घेऊन पडद्याला नाक लावून बसलो. सेटिंगमध्ये कडा मऊ करायची सोय होती, अक्षर ठिपक्यांवर घट्ट बसवायचीही होती. मऊ केलं की शिरोरेघ जुळायची पण सगळं धुक्यात जायचं. घट्ट केलं की रेघ काळी व्हायची आणि मात्रा उडी मारायची. मुलगी गुडगावच्या ऑफिसातून येऊन, इंटरनेटवर लोकांना विचारून, कुठल्याशा फाईलमध्ये काही सूचना घालून द्यायची. थोडं सुधारायचं. मला ते थोडं पुरायचं नाही. यात आठ दिवस गेले.

"बाबा, वाचता येतंय ना? मग बस झालं, पाठवा," ती म्हणाली.

मी म्हणालो, तुटक्या खिळ्यांचं मॅटर मी जन्मात मशीनवर चढवलं नाही.

मग मला मालकाची सीडी आठवली. तिच्यातलं अक्षर मी त्या सिस्टीममध्ये घातलं आणि जुन्या सवयीनं चार ओळी पुन्हा टाइप केल्या. पडद्यावर अशी अक्षरं उमटली की जणू नव्या खिळ्यांचा पहिला छाप. बायकोला खुर्चीसकट समोर आणलं. ती डाव्या हातानं काच पुसून वाचत राहिली.

संध्याकाळी मुलीनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, "हे अक्षर फक्त आपल्या मशीनवर आहे, बाबा. पुण्यात उघडलं की एबीसीडीचा चिवडा दिसेल. हे काही शिसं नाही. उद्या येऊन मी याचं चित्र करून पाठवते, तोवर हात लावू नका."

आता हिनं मला शिकवायचं! जुळवलेल्या पानाचा फर्मा एकदा चौकटीत आवळला की दिल्लीत छापा नाहीतर साताऱ्यात, त्यातलं अक्षर बदलत नाही. चाळीस वर्षं मी हेच पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, ती ऑफिसात असताना, मी पत्र पाठवून दिलं. तिनं विचारलं तेव्हा म्हणालो, गेलं नीट. तिनं विश्वास ठेवला.

त्यानंतर बायको अठरा दिवस जगली. रोज सकाळी चहाच्या वेळी ती विचारायची, दादाचं काही आलं का. पहिले काही दिवस मी नाही म्हणायचो. मग मला तिच्या भावाचाच राग येऊ लागला. एक दिवस म्हणालो, "त्यानं वाचलं असेल आणि गप्प बसला असेल. तो तसाच आहे." त्यानंतर तिनं विचारणं सोडलं.

ती गेल्यावर मुलीनं पुण्याला फोन केला. भाची म्हणाली, एक फाईल आली होती पण उघडल्यावर आत नुसती इंग्रजी अक्षरं, अर्थ काही नाही. तिला वाटलं व्हायरस आहे, म्हणून तिनं ती पुसून टाकली आणि पत्राची वाट पाहत राहिली. मुलीनं फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं.

दहाव्याला बायकोचा भाऊ आला. बूट न काढता दारातच उभा राहून म्हणाला, "एक ओळ लिहिली असतीत तरी आलो असतो."

मी त्याला कॉम्प्युटरपाशी नेलं आणि पत्र उघडून दिलं. त्यानं उभ्यानंच वाचलं. बरंच खाली वाकला होता, डोळे त्याचेही अधू झाले होते. कधी पाठवलं आणि पोचलं का नाही, ते त्यानं विचारलं. मी सांगितलं.

"आणि मी आलो नाही, तर तिला काय वाटलं?"

खोटं बोलता आलं असतं. मुलगी मागं उभी होती.

"मी तिला सांगितलं, तुम्ही वाचून गप्प बसलात."

त्यानं पिशवी उचलली. जेवणाची पानं मांडलेली होती, मुलगी मामा, मामा करत लिफ्टपर्यंत मागं गेली. तो परत आला नाही.